दुसरं यंत्र घेण्याआधी

चि. निलेश यास,


डोळखांबला बाजारच्या दिवशी मामाच्या कानावर आलं की, भाचा रात्री माहुली गडाच्या पायथ्याला बॅटऱ्या आणि यंत्र घेऊन दिसला. सोबत चार पोरं आणि एक भगत. यातलं खरं किती, तिखटमीठ किती, ते भाच्यालाच ठाऊक. पण त्याच आठवड्यात ताईचा फोन आला. चिरंजीवांना म्हणे आता दुसरा मेटल डिटेक्टर हवाय, पहिला ऐन वेळी बंद पडला तर हाताशी असावा म्हणून! कसली ऐन वेळ? मामाची झोप उडाली ती याच शब्दाने.

मार्च 2025 मध्ये बुऱ्हाणपूरजवळ असीरगडाखाली काय झालं, ते घरोघरी टीव्हीवर दिसलं. मराठे-मुघलांच्या लढायांचा ‘छावा’ सिनेमा नुकताच येऊन गेला होता. तशात रस्त्याच्या कामातून निघालेल्या मातीत मुघलांची सोन्याची नाणी सापडल्याची आवई उठली. मग काय, रात्री टॉर्च, चाळण्या, डिटेक्टर घेऊन माणसं लोकांच्या शेतांत उतरली. शेतमालकांच्या वाट्याला खड्डे आले. त्या गर्दीतल्या कुणी त्यांना विचारलं असेल का, की बाबा, तुझ्या रानात शिरू का?

चिखलीचं प्रकरण तर आपल्याच राज्यातलं. 2021 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत बांधकामाच्या मातीत मजुरांना अठराव्या शतकातली सोन्याची नाणी मिळाली. त्यांनी ती गुपचूप घरी ठेवली. बातमी फुटली आणि पोलिसांनी 216 नाणी जप्त केली. वजन दोन किलोंच्या वर.

असल्या गुप्तधनाचा कायदा 1878 चा आहे आणि आजही चालू आहे. जमिनीत दडलेलं दहा रुपयांहून जास्त किमतीचं काहीही सापडलं, तर कलेक्टरला लेखी कळवायचं: काय सापडलं, कुठे, कधी. लपवलं तर आपला हिस्सा गेला, वर वर्षापर्यंत कैद किंवा दंड. कळवलं, कुणी मालक पुढे आला नाही आणि सरकारनेही मोबदला देऊन घेतलं नाही, तर तीन हिस्से शोधणाऱ्याचे, चौथा जमीनमालकाचा. हा कायदा वाटतो तितका खाष्ट नाही. पण माहुलीचा डोंगर पडतो तानसा अभयारण्यात. तिथे कुदळ मारली की वनखात्याशी गाठ, मग सापडो न सापडो.

आता यंत्राचं. मामा वायरमनचं काम करत आला, तेव्हा एवढं कळतं. यंत्राची चकती जमिनीत बदलतं चुंबकी क्षेत्र सोडते, त्याने धातूत प्रवाह उठतो आणि त्याचा पडसाद यंत्र ऐकतं. आपला सह्याद्रीचा काळा दगड लोहखनिजाने भरलेला, त्यामुळे जमीनच बोंबलते. म्हणून पहिल्यासारखंच दुसरं घेणं म्हणजे पैसे पाण्यात. दोन्ही एकाच जागी फसणार. पल्स जातीचं यंत्र असल्या जमिनीला फारसं भीक घालत नाही, पण त्याला खिळा कोणता आणि सोनं कोणतं ते नीट सांगता येत नाही. बहुवारंवारतेचं यंत्र मधला मार्ग काढतं, किंमत मात्र चढी. जोडीचं यंत्र हलकं असावं, घडी होणारं असावं आणि डोळखांबच्या दुकानात मिळणाऱ्या पेन्सिल सेलवर चालणारं असावं. खरं तर दुसऱ्या यंत्राऐवजी खड्ड्यात नेमकी जागा दाखवणारा हातातला छोटा पॉइंटर घेतला तरी काम भागतं.

एवढ्याशा नाण्याचा माग साधारण वीतभर खोलीपर्यंतच लागतो. लांबूनच सोन्याची दिशा दाखवणारी दांडी कुणी विकत असेल, तर तो चोर. ‘एडीई 651’ नावाचं असलंच बनावट यंत्र बॉम्ब शोधायला म्हणून इराकला विकणारा इंग्रज 2013 मध्ये दहा वर्षांसाठी तुरुंगात गेला. मुळात ते गोल्फचे चेंडू शोधायचं खेळणं होतं.

त्याच इंग्लंडात 2009 मध्ये टेरी हर्बर्ट नावाच्या गड्याला स्टॅफर्डशरच्या एका शेतात अँग्लो-सॅक्सन सोन्याचा मोठा साठा सापडला. यंत्र जुनंच होतं. शेतमालकाची परवानगी होती, सापडल्यावर त्याने कळवलंही. मोल ठरलं 32 लाख 85 हजार पौंड आणि ते दोघांत निम्मं निम्मं वाटलं गेलं. भाच्याच्या खिशात कुणाच्या सातबाऱ्याची परवानगी होती?

मामाच्या तरुणपणी बांध फोडताना काही शिवराया निघाल्या होत्या. तांब्याच्या भावाने मोडीत गेल्या, त्या पैशांत म्हसेची जत्रा झाली. त्यांवर काय अक्षरं होती, त्या कुठल्या थरात होत्या, कुणी पाहिलं नाही. नाणं जागेवरून हललं की त्याची निम्मी गोष्ट जाते. हे कळायला मामाला म्हातारपण यावं लागलं.

आणि तो भगत. राज्यात 2013 पासून जादूटोणाविरोधी कायदा आहे. गुप्तधनाच्या नावाखाली कुणाला अघोरी काही करायला लावलं, तर कमीत कमी सहा महिने आत. आज तो नारळ मागेल, उद्या कोंबडं, परवा काय मागेल?

बोलणं जास्त झालं. तुला नाद आहे, हात चांगला आहे, शाळेत असताना आजोबांचा रेडिओ तूच उघडून परत लावला होतास. यंत्र फेकून दे असं मामा म्हणत नाही. फक्त रात्री परक्या रानात जाऊ नकोस, बाळा.

आवणीच्या वेळी आजीच्या मंगळसूत्राची एक वाटी खालच्या खाचरात पडली होती. आजी जाईपर्यंत त्या वाटीची हळहळ करत होती. खाचर आपलं, सातबारा आपला, कुणाला विचारायला नको. मार्गशीर्षात भात कापून रान मोकळं होईल, तेव्हा आहे तेच यंत्र घेऊन ये. वाटी सापडो न सापडो, चार दिवस राहायच्या तयारीने ये आणि ताईलाही सोबत आण.

तुझा मामा