मेंदूचा विद्युत्-आलेख

वर्गात शिकविताना कधी कधी असा एखादा विद्यार्थी आढळतो की, तो धडा वाचता वाचता मध्येच थांबतो, शून्य दृष्टीने समोर पाहत राहतो, त्याच्या पापण्या किंचित फडफडतात, आणि दहा-बारा सेकंदांनी जणू काही झालेच नाही अशा रीतीने तो पुढील शब्द वाचू लागतो. मधल्या वेळात हाक मारली तर ती त्यास कळत नाही. असे दिवसातून अनेकदा घडते. शिक्षक म्हणतात, ‘अभ्यासात लक्ष नाही’, घरची माणसे म्हणतात, ‘पोराला तंद्री लागते’, सोबती हसतात. क्वचित् त्यास शिक्षाही होते. वस्तुतः हा अपस्माराचा एक प्रकार असू शकतो. तो ओळखण्यास साहाय्य करणारी एक निरुपद्रवी तपासणी आहे. तिचे नाव इलेक्ट्रोएन्सेफॅलोग्राम. व्यवहारात तिला ई.ई.जी. म्हणतात. तिच्याविषयी विद्यार्थी व पालक या उभयतांस नीट माहिती असावी, म्हणून हा लेख लिहिण्याचे आम्ही योजिले आहे.

आपल्या मेंदूत अब्जावधी पेशी असून त्या एकमेकींस सूक्ष्म विद्युत्-संकेतांच्या द्वारे निरोप देत असतात. एका पेशीची वीज कवटीबाहेर कळणे शक्य नाही. परंतु हजारो पेशी एकाच वेळी कार्य करू लागल्या म्हणजे त्यांच्या एकत्रित विजेचा अंश डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. हा अंश अत्यल्प असतो. हातबत्तीतील एका सेलचा दाब दीड व्होल्ट असतो. मेंदूची लाट ५० मायक्रोव्होल्टची धरली, तर ती त्याच्या तीस हजाराव्या भागाइतकी भरते. यावरून यंत्रास ती किती पटींनी वाढवून दाखवावी लागते, याची कल्पना विद्यार्थ्यांनी करावी.

प्राण्यांच्या मेंदूत अशी वीज असते हे इंग्लंडातील लिव्हरपूल येथील रिचर्ड केटन यांनी १८७५ साली प्रसिद्ध केले. मनुष्याच्या मेंदूचा पहिला आलेख जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ साली काढिला व १९२९ साली तो जगापुढे मांडिला. आरंभी त्यांच्यावर फारसा कोणी विश्वास ठेविला नाही. १९३४ साली केंब्रिज येथे एड्रियन व मॅथ्यूज यांनी तोच प्रयोग करून बर्गर यांचे म्हणणे खरे ठरविले. एका मनातील विचार दुसऱ्या मनास कसा कळत असेल, या जिज्ञासेने बर्गर या शोधाकडे वळले होते. तो हेतू सफल झाला नाही. त्यांच्या यंत्राने कोणाचा विचार वाचता आला नाही, व आजच्या ई.ई.जी.नेही वैद्यास रोग्याच्या मनातील गुपित कळत नाही. तेव्हा त्या दृष्टीने कोणी संकोच बाळगण्याचे कारण नाही.

आता तपासणीची रीत सांगतो. आदल्या दिवशी केस स्वच्छ धुवावे व नंतर तेल मुळीच लावू नये. कारण तेलामुळे धातूच्या चकत्यांचा त्वचेशी नीट संबंध येत नाही. वैद्यांनी निराळे सांगितले नसेल तर नेहमीप्रमाणे जेवून जावे. चालू असलेली औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत. कित्येकदा रात्री कमी झोपून येण्यास सांगतात, कारण पेंगुळलेल्या वा निजलेल्या अवस्थेत दोष अधिक स्पष्ट दिसतो. तंत्रज्ञ डोक्याचे माप घेऊन ठरलेल्या ठिकाणी सुमारे वीस लहान चकत्या एका चिकट मलमाने बसवितो. मग मुलास निजवून डोळे मिटण्यास व उघडण्यास, तीन मिनिटे खोल व जलद श्वास घेण्यास सांगतात, आणि डोळ्यांपुढे दिव्याची उघडझाप करितात. सर्व मिळून एक तासाच्या आसपास वेळ लागतो. यंत्र डोक्यात वीज सोडीत नाही; मेंदूची वीज केवळ टिपून घेते. सुई नाही, शॉक नाही, केस कापणे नाही. मात्र डोळे मिचकाविले, दात चावले वा मान हलविली तर स्नायूंची वीज आलेखात मिसळते. म्हणून स्वस्थ पडून राहावे.

जागा मनुष्य डोळे मिटून स्वस्थ पडला म्हणजे सेकंदास ८ ते १३ लाटा उमटतात. त्यांस आल्फा म्हणतात. डोळे उघडताच त्या बहुधा मावळतात. त्याहून जलद त्या बीटा. ४ ते ७ पर्यंतच्या थीटा व ४ पेक्षा मंद त्या डेल्टा. गाढ झोपेत या डेल्टा लाटा विशेष दिसतात. आरंभी वर्णिलेल्या मुलाच्या आलेखात मात्र तंद्रीच्या क्षणी एक टोकदार शिखर व त्यामागून एक मंद लाट अशी जोडी सेकंदास सुमारे तीन वेळा, एकसारखी उमटते. हे चिन्ह १९३५ साली बॉस्टन येथे गिब्ज, डेव्हिस व लेनॉक्स यांनी नोंदविले. खोल श्वास घेण्यास सांगताच ते पुष्कळदा वैद्यांच्या समक्षच प्रकट होते. ज्यास आपण आळस समजत होतो तो रोग आहे, असे त्या पडद्यावरच सिद्ध होते.

तथापि एक मर्यादा ध्यानात ठेवावी. आलेख निर्दोष आला म्हणजे अपस्मार नाहीच, असे ठरत नाही. तपासणीच्या त्या अल्प वेळात मेंदू शांत असू शकतो. उलट काही निरोगी माणसांच्या आलेखातही किरकोळ दोष दिसतो. म्हणून झटका पाहणाराची साक्ष वैद्यास आलेखाइतकीच मोलाची असते. झटका केव्हा आला, किती वेळ टिकला, हातपाय कसे हालले, हे शिक्षकांनी व पालकांनी लिहून ठेवावे.

यापुढील गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आपल्याकडे फेफरे, मिरगी, आकडी या शब्दांसच भिऊन कित्येक कुटुंबे हा रोग लपवितात. मुलीस असला तर विशेषच. तिचे लग्न जमणार नाही या भीतीने तपासणी टळते, औषध टळते, आणि अखेरीस शाळाही सुटते. ही भीती एके काळी कायद्यातही शिरली होती. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या अटींत अपस्माराचा उल्लेख होता. तो १९९९ साली दुरुस्तीने काढून टाकण्यात आला. मुंबईचे डॉ. एडी भरुचा यांच्यासारख्या मेंदूविकारतज्ज्ञांच्या पुढाकाराने १९७० साली स्थापन झालेली इंडियन एपिलेप्सी असोसिएशन ही संस्था हे अज्ञान दूर करण्याचे कार्य करीत आली आहे. योग्य उपचार झाल्यास शंभरांतील सत्तर रोग्यांपर्यंत झटक्यांवाचून जगू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. कायदा बदलला, घरातील समजूत बदलणे मात्र आपल्याच हाती आहे.

कोणास झटका आलाच तर त्यास कुशीवर वळवावे, डोक्याखाली मऊ वस्त्र ठेवावे, भोवतालच्या टणक वस्तू दूर कराव्या व घड्याळ पाहावे. कांदा वा जोडा हुंगवू नये. तोंडात चमचा घालू नये. हातपाय दाबून धरू नयेत. पाच मिनिटांत झटका न थांबल्यास ताबडतोब रुग्णालयात न्यावे.

कोरेगावच्या पालकांस आमची विनंती आहे की, अशी शंका येताच त्यांनी दिवस घालवू नयेत. सातारा आपणांस जवळ आहे, आणि पुणे-मिरज लोहमार्गावरच आपले स्थानक असल्यामुळे मोठ्या शहरांतील मेंदूविकारतज्ज्ञांकडे जाणेही अवघड नाही. विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या बाकावरचा सोबती मध्येच गप्प झाला, तर त्यास हसू नका. शिक्षकांना येऊन सांगा, आणि त्याचा चुकलेला परिच्छेद त्यास पुन्हा वाचून दाखवा.