बर्फावरील गाडीचा चालक क्लच

कॅनडाच्या क्वेबेक प्रांतांत पूर्वीं हिवाळ्यांत रस्ते बर्फाखालीं बुजून जात. १९३४ सालीं तेथील वाल्कूर गांवच्या जोसेफ-आर्मां बोंबार्दिए या यंत्रकाराचा दोन वर्षांचा मुलगा, बर्फामुळें वेळेवर रुग्णालयांत नेतां न आल्यानें, मरण पावला. बर्फावरून धांवणाऱ्या वाहनाचे त्याचे प्रयत्न त्यापूर्वींच सुरू होते. त्याच्या ट्रॅकच्या रचनेस १९३७ सालीं पेटंट मिळालें, आणि १९५९ सालीं स्की-डू ही लहान गाडी बाजारांत आली.

अशा गाडीच्या इंजिनांत कितीहि शक्ति असली, तरी ती योग्य प्रमाणांत ट्रॅकपर्यंत पोहोंचली पाहिजे. हें काम मुख्यतः चालक क्लच करतो.

प्रथम त्याची रचना पाहूं. इंजिनाच्या दांड्यावर शंकूसारख्या उतरत्या दोन तबकड्या समोरासमोर असतात. एक दांड्यास पक्की जडलेली, दुसरी दांड्यावर पुढेंमागें सरकणारी. दोहोंमधील खांचेंत रबरी पट्टा बसतो. आंतील स्प्रिंग तबकड्यांस एकमेकींपासून दूर ठेविते. सरकत्या तबकडीस बिजागरीनें जोडलेलीं वजनें असून त्यांच्यासमोर लहान रूळ असतात.

आतां कार्य पाहूं. इंजिन मंद फिरत असतां पट्टा सैल राहतो व गाडी स्थिर असते. दोरीस बांधलेला दगड गरगर फिरविला असतां बाहेर ओढ घेतो. तशींच हीं वजनें वेग वाढतांच बाहेर झेपावतात व रुळांवर रेटा देतात. मिनिटास साधारण ३००० ते ४००० फेरे झाले कीं त्यांचा जोर स्प्रिंगेवर मात करितो. तबकड्या जवळ येऊन पट्टा पकडतात व गाडी चालूं लागते. वेग आणखी वाढला म्हणजे पट्टा चालक क्लचवर मोठ्या वर्तुळांत चढतो, आणि ट्रॅककडील दुसऱ्या क्लचवर लहान वर्तुळांत उतरतो. त्यामुळें आरंभीं जोर मिळतो, नंतर वेग. चढ लागला असतां दुसऱ्या क्लचांतील तिरपा कॅम व स्प्रिंग पट्ट्यास पुन्हा मागें आणितात.

वजनें फार जड असल्यास पट्टा लवकर चढून इंजिन दबतें. फार हलकीं असल्यास इंजिन वाजवीपेक्षां जास्त फिरतें. उंच पर्वतावर हवा विरळ असल्यानें इंजिनाची शक्ति घटते. म्हणून तेथें हलकीं वजनें बसवितात.

आपल्याकडील गिअर न बदलाव्या लागणाऱ्या स्कूटरांतहि असेच सरकते शंकु व पट्टा असतात. मात्र तेथें गाडी सोडविणारा क्लच मागील चाकापाशीं निराळा असतो. अशा यंत्रावरील झांकण काढून इंजिन कधींहि सुरू करूं नये. तुटलेला पट्टा गोळीसारखा उडतो.

केवळ शक्ति उपयोगाची नाहीं. तिला आवरणारी स्प्रिंगहि तितकीच आवश्यक आहे.