रक्तदाब, मीठ आणि मूत्रपिंडे

हृदय मिनिटाला किती रक्त लोटते आणि बारीक रोहिण्या, म्हणजे हृदयाकडून रक्त नेणाऱ्या वाहिन्या, त्याला किती अडवतात, यांवर रक्तदाब ठरतो. रोहिणीची त्रिज्या अवघी 10 टक्क्यांनी घटली तरी अडथळा सुमारे दीडपट होतो, आणि मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड) लावताच दाब चढतो तो निकोटिन हृदयाचे ठोके वाढवते आणि रोहिण्याही आवळते म्हणून. दाब चढून राहू लागला, तर निरोगी मूत्रपिंडे जादा मीठ-पाणी लघवीवाटे टाकून तो उतरवतात. आजार जडतो तो हा हिशेब बिघडल्यावर, तेवढेच मीठ टाकायला मूत्रपिंडे अधिक दाब मागू लागली म्हणजे. त्यांच्यातून स्रवणाऱ्या रेनिनमुळे रक्तात अँजिओटेन्सिन तयार होते, जे रोहिण्या आवळते आणि अधिवृक्क ग्रंथींकडून अल्डोस्टेरॉन हे मीठ राखून ठेवणारे संप्रेरक सोडवते. बहुतेक रुग्णांत या बिघाडाचे एकच कारण सापडत नाही. आनुवंशिकता, वय, वजन आणि मीठ यांचे वाटे एकमेकांत मिसळलेले असतात.

वढू बुद्रुक येथे पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे ग्रामीण आरोग्यकार्य डॉ. बानू कोयाजी यांनी उभे केले, आणि 2005 साली पाच आशियाई देशांतील नऊ ठिकाणी असंसर्गजन्य आजारांना पोषक घटकांची जी पाहणी झाली, तीत भारतातून वढू परिसर होता. कष्टकऱ्याला बीपी, म्हणजे उच्च रक्तदाब, होत नाही, मीठ घामावाटे जाते, हा पारावरचा समज खेड्यांतल्या अशा पाहण्यांपुढे टिकत नाही.

प्रस्तुत लेखकाचा दाब 160/100 भरला तेव्हा ना डोके दुखत होते, ना चक्कर होती. गोळीने तो उतरला. मात्र गुडघ्यांसाठी डायक्लोफिनॅक सुरू होताच, बीपीची गोळी चालू असूनही, पुन्हा चढला आणि संध्याकाळी पायांवर चपलेच्या पट्ट्याचे वळ दिसू लागले, कारण असे वेदनाशामक मूत्रपिंडातील रक्तवाहिन्या सैल ठेवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये रोखते आणि मीठ-पाणी अंगात साठते. गोळी लागू पडत नाही, सोडून द्या, हा सल्ला तेव्हा फुकट मिळाला (असे सल्ले कधी विकत घ्यावे लागत नाहीत). बंद व्हायला हवे होते ते वेदनाशामक, आणि डॉक्टरांनी तेच केले. म्हणून सांध्यांची असो वा सर्दीची, प्रत्येक गोळी बीपीच्या डॉक्टरांना दाखवावी, आणि दिवसाच्या कमाल 5 ग्रॅम मिठात ठेचा, लोणचे, पापड व फरसाणही धरावे. दाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू टाळून, पाच मिनिटे पाठ टेकून शांत बसावे, दंडाचा पट्टा हृदयाच्या पातळीवर ठेवावा, आणि वेगवेगळ्या दिवशी आकडा 140/90 वा त्याहून अधिक भरला, तर त्रास जाणवण्याची वाट न पाहता उपचार सुरू करावेत.