चार चोक सोळा, मग दहा का नाही?

फर्स्ट इयरच्या पहिल्या आठवड्यात मॅथ्सचे सर एकेकाला उभं करून गाव विचारत होते. माझा नंबर आल्यावर मी म्हणालो, "देवळाली प्रवरा, तालुका राहुरी." सर हसून म्हणाले, "अरे वा! मग देवळाली नंबर सांग बघू." मला वाटलं पिनकोड विचारतायत. मी खणखणीत आवाजात पिनकोड सांगितला. वर्ग फुटला. त्या दिवसापासून होस्टेलवर माझं नाव 'पिनकोड'.

पुढं त्याच सेमिस्टरला एम-वनमध्ये केटी लागली. पिनकोड म्हटलेलं चालायचं, पण "गणित आपल्या डोक्यातलं नाही" हे मी स्वतःच स्वतःला म्हणायला लागलो, ते वाईट होतं.

अशात एका रात्री लाईट गेली. मेणबत्तीच्या उजेडात रूम पार्टनरनं कोडं घातलं. चार वेळा ४ हा अंक वापरायचा, कमीही नाही, जास्तही नाही. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार आणि कंस एवढंच हत्यार. ० पासून पुढच्या संख्या बनवायच्या. हे कोडं जुनं आहे; १८८१ साली इंग्लंडच्या 'नॉलेज' नावाच्या नियतकालिकात ते छापून आलं होतं. आम्ही दोघं भिडलो आणि तासाभरात हे जमलं:

० = ४ + ४ − ४ − ४
१ = (४ + ४) ÷ (४ + ४)
२ = ४ ÷ ४ + ४ ÷ ४
३ = (४ + ४ + ४) ÷ ४
४ = ४ + ४ × (४ − ४)
५ = (४ × ४ + ४) ÷ ४
६ = ४ + (४ + ४) ÷ ४
७ = ४ + ४ − ४ ÷ ४
८ = ४ + ४ + ४ − ४
९ = ४ + ४ + ४ ÷ ४

आणि गाडी १० वर अडली. पार्टनर झोपला, मी जागाच. दुसरी रात्रही तशीच गेली. जर्नलची मागची चार पानं ४ नं भरली, पण १० काही होईना. पार्टनर म्हणे, "कोडं आहे म्हणजे उत्तर असणारच." मला ते पटलं, आणि त्याचा अर्थ मी एकच काढला: उत्तर आहे, पण केटीवाल्याला ते कुठून दिसणार?

तिसऱ्या दिवशी ते कागद घेऊन सरांकडे गेलो. "सर, जमत नाही." सरांनी कागद पाहिले आणि एकच प्रश्न विचारला, "तुला जमत नाही, की ते होतच नाही? दोन्ही वेगळं आहे. आधी ठरव."

"कसं ठरवू?"

"यादी कर. आंधळेपणानं चार-चार जोडू नकोस. आधी दोन चौकारांतून काय काय होतं ते लिही, मग तिनांतून."

तीच यादी तुमच्यासाठी देतो, कारण या लेखातला खरा धडा हाच आहे.

दोन चौकारांतून फक्त चार किमती येतात: ०, १, ८, १६. यातल्या प्रत्येकीशी तिसरा ४ जोडून (वजाबाकी आणि भागाकार दोन्ही बाजूंनी करून) बरोबर चौदा किमती मिळतात: −१२, −४, −३, ०, १/४, १/२, २, ३, ४, ५, १२, २०, ३२, ६४. पंधरावी नाही.

आता उलटं चला. शेवटची क्रिया 'तिघे आणि एक' अशी असेल, तर १० येण्यासाठी तिघांची किंमत किती हवी? बेरीज असेल तर ६. वजाबाकी असेल तर १४ किंवा −६. गुणाकार असेल तर अडीच. भागाकार असेल तर ४० किंवा २/५. सहापैकी एकही त्या चौदांत नाही! राहिला 'दोघे आणि दोघे' हा प्रकार. ०, १, ८, १६ यांतल्या कुठल्याही दोघांची बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करून पाहा, १० येत नाही. झालं. म्हणजे या नियमांत १० होतच नाही.

मला त्या दिवशी काय वाटलं हे सांगणं अवघड आहे. दोन रात्री मी ज्याला माझा मठ्ठपणा समजत होतो, तो नियमांचा गुण होता. आणि हे कुणी सांगितलं म्हणून नाही, मी स्वतः सिद्ध केलं होतं.

नियम जरा सैल करा, म्हणजे दोन ४ शेजारी ठेवून ४४ लिहायची परवानगी द्या, की १० लगेच येते: (४४ − ४) ÷ ४. वर्गमूळ चालत असेल तर ४ + ४ + ४ − √४. पण फार सैल केलं तर खेळच संपतो. पॉल डिरॅक या शास्त्रज्ञानं २ या अंकाच्या अशाच कोड्याचा निकाल लावला होता. २ चं वर्गमूळ, त्याचं वर्गमूळ, असं हवं तितक्या वेळा घ्या. मग २ या पायावर दोनदा लॉग घ्या आणि चिन्ह बदला. जितकी मुळं घेतली तितकी संख्या हजर! तीन वेळा २ वापरून कुठलीही पूर्ण संख्या. मग कोड्यात राहिलं काय? मजा बंधनात असते.

जाता जाता सरांना विचारलं, "ते देवळाली नंबर काय होते?" तेव्हा दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांची गोष्ट कळली. जन्म १९०५, डहाणू. फर्ग्युसनचे विद्यार्थी. १९३० ते १९६२ देवळालीत शाळामास्तर. एम.एस्सी. नाही, पीएच.डी. नाही. अनेक गणितज्ञ त्यांच्या कामाला नुसता खेळ समजत. पुढं १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरनं 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये त्यांच्यावर लिहिलं आणि जगाला ते कळले.

त्यांचा ६१७४ प्रसिद्धच आहे. चार अंक घ्या, सगळे सारखे नकोत. उतरत्या क्रमातून चढता क्रम वजा करा आणि पुन्हा तेच करत राहा. २००५ घेऊ: ५२०० − ००२५ = ५१७५, पुढं ५९९४, ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि ६१७४. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत गाडी तिथंच थांबते. पटत नसेल तर सी प्रोग्राम लिहून सगळ्या संख्या तपासा. तीही यादीच!

आणि देवळाली संख्या? कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवा. १५ + १ + ५ = २१, म्हणजे १५ ही २१ ची जनक. पण २० ला जनकच नाही. एक अंकी संख्येतून जास्तीत जास्त १८ येतात. १० ते १९ मधून ११, १३, १५ अशा विषमच येतात. २० च्या पुढच्या तर आधीच मोठ्या. अशा बिनजनकाच्या संख्यांना मास्तरांच्या गावाचं नाव मिळालं.

सुट्टीत घरी गेल्यावर मी अण्णांना अभिमानानं हे सगळं सांगितलं. अण्णा शांतपणे म्हणाले, "अरे, ते मास्तर नाशिकच्या देवळालीचे. आपली प्रवरेची." म्हणजे पिनकोडही चुकलाच होता!

एम-वन पुढच्या खेपेला सुटला, तो कोड्यानं नाही, अभ्यासानं. पण गणित अडलं की आता मी आधी यादी करतो. "मला जमत नाही" हे वाक्य यादी झाल्याशिवाय म्हणायचं नाही, असं ठरवलंय.

तुमच्यासाठी दोन प्रश्न. कडक नियमांत चार ४ वापरून ११ ते १४ पैकी एकच संख्या होते. ती कुठली, आणि बाकीच्या का नाहीत? आणि २० नंतरची पुढची देवळाली संख्या कोणती? लाईट गेल्यावर सोडवा.