समान कार्यातून स्नेहबंध

शाळेचे स्नेहसंमेलन, कार्यालयाची सहल, गावातील क्रीडास्पर्धा असे कार्यक्रम दरवर्षी होतात. परस्परांत आपुलकी वाढावी, हा त्यांमागील हेतू असतो. तथापि सहलीच्या बसमध्ये शेजारी बसतात ते बहुधा वर्गात वा कचेरीतही शेजारीच बसणारे असतात. नव्याने बदलून आलेला लिपिक किंवा दूरच्या वाड्यावरून येणारी विद्यार्थिनी परततानाही एकाकीच राहते. केवळ एकत्र जमल्याने माणसे जवळ येतात काय, हा प्रश्न म्हणूनच विचारार्ह ठरतो.

एक अभ्यास

सामाजिक मानसशास्त्रज्ञ मुझफर शरीफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ साली अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात या प्रश्नाचा अभ्यास केला. सुमारे अकरा वर्षांच्या २२ मुलांचे दोन गट एका शिबिरात ठेवण्यात आले. बक्षिसांच्या स्पर्धा सुरू होताच दोन्ही गटांत वैर निर्माण झाले. निशाणे जाळणे, एकमेकांच्या खोल्यांवर धाड घालणे इथवर मजल गेली. पुढे त्यांना एकत्र जेवण व चित्रपट देऊन पाहिले, पण वैर शमले नाही. जेवताना मुलांनी एकमेकांवर अन्न फेकले.

त्यानंतर शिबिराचे पाणी बंद पडले. बिघाड शोधण्यासाठी दोन्ही गटांना एकत्र यावे लागले. पुढे अन्न आणणारा ट्रक सुरू होईना, तेव्हा रस्सीखेचीत ज्या दोराने ते एकमेकांविरुद्ध झुंजले, तोच दोर लावून सर्वांनी मिळून ट्रक ओढला. एका कामाने वैर संपले नाही. अशी अनेक कामे झाल्यावर ते ओसरले. अखेरीस सर्व मुले एकाच बसने परतली आणि एका गटाने आपल्या बक्षिसाच्या पैशांतून सर्वांना पेय दिले.

हा प्रयोग लहान होता आणि आपण प्रयोगाचा विषय आहोत याची मुलांना कल्पना नव्हती. त्यामुळे त्याचे अनुकरण करू नये. त्याचा बोध मात्र घ्यावा.

घरचा अनुभव

गोव्यातील खाजन शेतीत हाच बोध दिसतो. भरतीचे खारे पाणी रोखणारा मातीचा बांध आणि पाण्याची ये-जा सांभाळणारे मानसीचे दार यांवर सर्वांची भातशेती अवलंबून असते. बांध फुटल्यास खारे पाणी एकाच्याच शेतात थांबत नाही. म्हणून बांधाची राखण हे गावकरीचे सामाईक कर्तव्य मानले गेले.

वर्गात व कार्यालयात

सन १९७१ मध्ये अमेरिकेतील ऑस्टिन येथे एलियट अ‍ॅरन्सन यांनी वर्गासाठी एक सोपी पद्धत योजली. पाठाचे भाग पाडून प्रत्येक मुलाला एकेक भाग द्यावयाचा व तो त्याने इतरांना शिकवावयाचा. आपल्या शिक्षकांना खाजन शेतीचाच पाठ असा घेता येईल : एकाकडे बांध, दुसऱ्याकडे मानस, तिसऱ्याकडे भात, चौथ्याकडे मासळी. अबोल मुलाचे ऐकल्यावाचून इतरांचा पाठ पुरा होत नाही. त्यामुळे त्यालाही मान मिळतो.

कार्यालयात पावसाळ्यापूर्वी जुन्या नस्त्यांची वर्गवारी असेच काम ठरू शकेल. निरनिराळ्या शाखांतील दोघांची जोडी करावी. जुन्या शिपायास कपाटांची माहिती असते, नव्या लिपिकास नोंदी ठेवता येतात. अधिकाऱ्यांनीही गठ्ठे उचलण्यास हात लावावा.

कोणतेही काम निवडताना तीन गोष्टी पाहाव्यात :

१. काम खरोखर गरजेचे असावे, देखाव्यासाठी नसावे.
२. ते एकट्याने होण्याजोगे नसावे आणि प्रत्येकाच्या वाट्याला आवश्यक भाग यावा.
३. श्रेय सर्वांना मिळावे. भार मात्र दुर्बळावर पडू नये.

सहली व संमेलने अवश्य व्हावीत. परंतु त्यांची तयारी, स्वयंपाक व आवराआवर यांत सर्वांचा हात लागला, तरच त्या दिवसाची आठवण सर्वांची होईल. वर्षारंभी आपल्या वर्गात वा शाखेत एकटे कोण पडले आहे हे पाहावे, आणि ज्यात त्या व्यक्तीवाचून चालणार नाही अशा कामाने आरंभ करावा.