फाईल केव्हाची?

आज लिहिलेला निबंध कालचा म्हणून खपवता येईल का? युनिक्स पद्धतीच्या संगणकात प्रत्येक फायलीबरोबर वेळेच्या तीन नोंदी असतात: वाचनाची, मजकूर बदलल्याची आणि मालक, परवानगी यांसारखी माहिती बदलल्याची. ही वेळ १ जानेवारी १९७० च्या ग्रिनिच येथील मध्यरात्रीपासून (भारतात पहाटे साडेपाचपासून) लोटलेल्या सेकंदांत मोजतात.

‘टच’ या आज्ञेने पहिल्या दोन नोंदी हव्या तशा मागे नेता येतात. पण तसे करताच तिसरी नोंद आपोआप त्या क्षणाची होते आणि संशयाला जागा मिळते! मात्र संगणकाचे घड्याळच मागे लावले असेल, तर तिसरी नोंदही फसेल. म्हणजे प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू: मोजमापावर विसंबण्यापूर्वी उपकरण तपासावे.