रॅक बसला म्हणजे जुळला नव्हे

जुनी गाडी मनापासून जपणाऱ्या माणसाला तिच्या स्टिअरिंगबद्दल कधी ना कधी तक्रार वाटतेच. वळणावर चाक फार फिरवावं लागतं, सरळ रस्त्यावर थोडा प्ले, म्हणजे मोकळी हालचाल, जाणवतो, पार्किंग करताना हात भरून येतात. अशा वेळी त्याच कंपनीच्या पुढच्या पिढीतल्या गाडीचा स्टिअरिंग रॅक, म्हणजे स्टिअरिंग फिरवल्यावर आडवा सरकून चाकं वळवणारा भाग, आणून बसवण्याचा सल्ला गॅरेजमध्ये आणि मित्रमंडळींत हमखास मिळतो. भंगार बाजारात असा रॅक बराच स्वस्त पडतो, आणि ‘बोल्टची भोकं जुळतात’ एवढ्या एका वाक्यावर सौदा पक्का होतो. माझं म्हणणं असं, की भोकं जुळणं ही या कामातली सर्वांत कमी महत्त्वाची गोष्ट आहे. रॅकची दोन टोकं नेमकी कुठे येतात, यावर पुढची चाकं प्रत्येक खड्ड्यात कुठे तोंड करतील हे ठरतं. त्यामुळे रॅक बदलणं म्हणजे पुढच्या सस्पेन्शनची रचना बदलणं. त्यासाठी लागणारी मोजमापं घेण्याची तयारी नसेल, तर जुनाच रॅक दुरुस्त करून वापरावा.

या प्रकारातली सर्वांत गाजलेली अदलाबदल बीएमडब्ल्यूच्या गाड्यांत होते. 1982 साली आलेल्या ई-30 या 3 सीरिजचं स्टिअरिंग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत न्यायला सुमारे चार फेरे लागतात. 1990 मध्ये आलेल्या ई-36 चा रॅक तेच काम साधारण सव्वातीन-साडेतीन फेऱ्यांत करतो, आणि ई-36 च्याच पुढच्या भागावर बेतलेल्या झेड-3 चा काही मॉडेलमधला रॅक सुमारे 2.7 फेऱ्यांत. ई-30 च्या चाहत्यांनी हा बदल युरोप-अमेरिकेत असंख्य वेळा केला आहे आणि तो यशस्वी होतो, हे मी मान्य करतो. पण तो का यशस्वी होतो ते बघण्यासारखं आहे. दोन्ही गाड्या एकाच घराण्यातल्या, दोन्हींत इंजिन पुढे आणि ड्राइव्ह मागच्या चाकांना, पुढचं सस्पेन्शन मॅकफर्सन स्ट्रटचं. इतकी जवळीक असूनही रॅक आणि सबफ्रेम यांच्यामध्ये योग्य जाडीचे स्पेसर घालावे लागतात, स्टिअरिंग शाफ्टचा खालचा जोड बदलावा लागतो, प्रेशर पाइपचे जोड जुळवून घ्यावे लागतात, आणि रॅकला चाकाशी जोडणाऱ्या टाय रॉडचं आतलं टोक एका गाडीचं तर बाहेरचं दुसरीचं अशी सांगड घालावी लागते. सर्वांत सोप्या समजल्या जाणाऱ्या अदलाबदलीची ही गत आहे. शिवाय यावरची बरीचशी लिखित माहिती अमेरिकेतली, म्हणजे डाव्या बाजूला स्टिअरिंग असलेल्या गाड्यांची आहे. आपल्याकडच्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत रॅक सरकवणारा पिनियन दुसऱ्या बाजूला येतो, शाफ्टची वाट बदलते, तिच्याभोवतीची इंजिनाची आणि सायलेन्सरच्या पाइपची मांडणीही बदलते. तिथली मापं इथे जशीच्या तशी लावता येत नाहीत.

आता मुख्य मुद्दा. गाडी खड्ड्यात जाते तेव्हा चाक वर-खाली होतं. त्याच्याबरोबर चाक खालून सांभाळणारा लोअर आर्म एका कमानीत फिरतो आणि टाय रॉड दुसऱ्या कमानीत. मूळ गाडीत रॅकच्या टोकांची उंची आणि त्यांतलं अंतर असं राखलेलं असतं की या दोन कमानी जवळपास एकमेकींबरोबर चालाव्यात. मग चाक वर गेलं तरी त्याची दिशा फारशी बदलत नाही. नव्या रॅकची टोकं 10 मिलिमीटर वर किंवा खाली आली तर काय होईल, याचा हिशेब शाळेतल्या भूमितीने करता येतो. टाय रॉड 300 मिलिमीटर लांबीचा आणि चाक ज्यावर बसतं त्या नकलवरचा स्टिअरिंग आर्म 120 मिलिमीटरचा धरू. चाक 50 मिलिमीटर वर गेलं तर उंचीतल्या फरकामुळे टाय रॉडचं बाहेरचं टोक आडवं सुमारे 1.7 मिलिमीटर जास्त सरकतं. आकडा क्षुल्लक वाटेल, पण 120 मिलिमीटरच्या आर्मवर त्याचा अर्थ चाकाची दिशा सुमारे 0.8 अंशाने बदलणं असा होतो. चाकांचा टो, म्हणजे त्यांचा आत-बाहेर वळलेला कोन, सेट करताना आपण अंशाच्या दशांश भागांत बोलतो. म्हणजे महामार्गावर एका बाजूचं चाक उंचवट्यावर चढलं की ते चाक, चालकाने स्टिअरिंगला हात न लावता, आपणहून वळू पाहतं. याला बंप स्टिअर म्हणतात. रॅकच्या टोकांवरच्या दोन बॉल जॉइंटमधलं अंतर मूळ रॅकपेक्षा कमी-जास्त असलं तरी कमानी अशाच बिघडतात, आणि ते अंतर बोल्टच्या भोकांवरून मुळीच कळत नाही.

यावर ‘मग व्हील अलाइनमेंट करून घेऊ’ असं उत्तर मिळतं. इथे बहुतेक लोक फसतात, म्हणून नीट सांगतो. अलाइनमेंटचं यंत्र गाडी सपाट जागी उभी असताना चाकांची दिशा मोजतं आणि टाय रॉड लांब-आखूड करून ती सरळ करतं. चाक वर-खाली होताना दिशा किती बदलते, हे ते नेहमीच्या तपासणीत मोजतच नाही. त्यामुळे कागदावर सगळे आकडे हिरवे दिसतात आणि रस्त्यावर गाडी भरकटते. पुढच्या टायरच्या कडा लवकर झिजतात, पुन्हा अलाइनमेंट होतं, पुन्हा आकडे हिरवे. दोष टायरवर, रस्त्यांवर, शॉक अॅब्सॉर्बरवर जातो आणि रॅककडे कोणाचं लक्ष जात नाही.

दुसरा मोह ‘क्विक’ स्टिअरिंगचा. फेरे चारवरून 2.7 वर आले की चाक लवकर वळतं हे खरं, पण त्याच चाकांना तेवढंच वळवायला हाताला जोर साधारण दीडपट लावावा लागतो. मदतीला पॉवर स्टिअरिंग असेल तर तो जाणवत नाही, नसेल तर प्रत्येक पार्किंगला जाणवतो. म्हणूनच हायड्रॉलिक रॅक जुन्या पंपाला जोडताना पंपाचा दाब आणि प्रवाह दोन्ही बघावे लागतात. प्रवाह कमी पडला तर संथ वळताना सगळं ठीक वाटतं, आणि अडथळा चुकवायला झटकन वळवलं की ऐन वेळी स्टिअरिंग जड होतं. तेलही एक नाही. काही गाड्यांत ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल चालतं, काहींना खास हायड्रॉलिक तेल लागतं, आणि चुकीच्या तेलाने सील खराब होतात.

आपल्याकडच्या छोट्या गाड्यांत प्रश्न आणखी निराळा आहे. 1983 साली आलेल्या मारुती 800 सारख्या हलक्या गाडीचं साधं स्टिअरिंग माणसाच्या हाताच्या ताकदीचा विचार करून आखलेलं होतं. पुढच्या काळातल्या अनेक छोट्या गाड्यांत इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंग आलं, आणि त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत मोटर रॅकवर नसते, ती वर कॉलमवर असते. अशा गाडीचा रॅक काढून आणला तर हाती येतं फक्त मोटरच्या मदतीवर विसंबून आखलेलं लोखंड. मोटरही आणली, तरी तिच्या कंट्रोलरला गाडीच्या वेगाचा आणि इंजिन चालू असल्याचा सिग्नल हवा असतो. तो नसेल तर मदत बंद पडते किंवा वेगानुसार कमी-जास्त होत नाही, आणि ताशी 80 किलोमीटरला स्टिअरिंग पार्किंगइतकंच हलकं राहणं हे जड स्टिअरिंगपेक्षा अधिक धोक्याचं आहे. जागेवर चाक वळवताना ही मोटर दहा-वीस नव्हे, त्याहून बरेच जास्त अँपिअर ओढू शकते. जुन्या गाडीचा छोटा अल्टरनेटर आणि वायरिंग त्यासाठी बनलेलं नसतं. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असलेल्या गाडीत आणखी एक मर्यादा आहे: नव्या रॅकचा प्रवास, म्हणजे एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं सरकणं, जास्त असेल तर पूर्ण वळणावर चाकापर्यंत ड्राइव्ह पोचवणारा सीव्ही जॉइंट त्याच्या कमाल कोनापलीकडे जातो.

जीव जाण्याची शक्यता मात्र सर्वांत जास्त जोडांमध्ये आहे. शाफ्टच्या स्प्लाइन, म्हणजे टोकावरच्या खाचा, वेगळ्या निघाल्या की दोन अर्धे तुकडे वेल्ड करून देणारे कारागीर सापडतात. स्टिअरिंग शाफ्टवर गॅरेजमधलं वेल्डिंग कधीही स्वीकारू नये. एक तर तो सांधा तुटला तर चालकाच्या हातात काहीच उरत नाही. दुसरं असं, की टक्कर झाल्यावर कॉलम आत दुमडून चालकाच्या छातीवर न येण्याची सोय त्याच भागात असते. जनरल मोटर्सने 1967 च्या मॉडेलमध्ये असा दुमडणारा कॉलम आणला आणि 1968 च्या आरंभापासून अमेरिकेत त्याचे नियम लागू झाले. ती सोय एका वेल्डने नाहीशी होऊ शकते. टाय रॉड एंडचा निमुळता दांडा नकलच्या भोकात पूर्ण पृष्ठभागाने बसला पाहिजे. उतार वेगळा असेल तर नट घट्ट होतो, पण दांडा एका कडेवरच टेकलेला असतो आणि हळूहळू थकून तुटतो. टाय रॉडचे आटेही पुरेसे आत हवेत, निदान दांड्याच्या जाडीएवढे तरी. रुंदी जुळत नाही म्हणून शेवटच्या चार आट्यांवर लटकवलेला टाय रॉड अलाइनमेंटच्या यंत्रावर अगदी व्यवस्थित दिसतो.

‘कितीतरी लोकांनी केलंय, कोणाला काही झालं नाही’ हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही, कारण ई-30 च्या बाबतीत तो बराच खरा आहे. पण तिथे लोकांनी मापं घेतली, ती लिहून ठेवली, आणि कोणत्या रॅकला कोणता स्पेसर हे इतरांनी पडताळून पाहिलं. दुसऱ्या कुठल्या जोडीबद्दल ‘चालतं’ असं कोणी सांगितलं तर त्याला तीन गोष्टी विचाराव्यात: बॉल जॉइंटमधलं अंतर किती, रॅकचा एकूण प्रवास किती, बंप स्टिअर मोजला होता का. उत्तरं नसतील तर ‘चालतं’चा अर्थ ‘अजून चाललंय’ एवढाच.

मूळ रॅक मिळत नाही, ही अडचण मात्र खरी आहे, आणि तिच्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण बहुतेक वेळा रॅक बदलण्याची गरजच नसते. सैल स्टिअरिंगचं कारण टाय रॉड एंड, आतला बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, शाफ्टचा युनिव्हर्सल जॉइंट किंवा रॅक धरून ठेवणारे रबर यांत सापडतं, आणि हे भाग तुलनेने स्वस्त असतात. दोष रॅकमध्येच असेल तर एक खूण आहे. गाडी बहुतांश वेळ सरळ चालते, म्हणून दाते मध्यभागी जास्त झिजतात. मग फिटर अॅडजस्टरचा स्क्रू आवळतो, मधला प्ले जातो, आणि वळवल्यावर स्टिअरिंग अडकतं किंवा आपोआप परत येत नाही. असा रॅक आवळून चालत नाही. पिनियन आणि रॅकचा दातेरी दांडा बदलून रिकंडिशन करावा लागतो. भंगारातून आणलेल्या रॅकलाही हीच झीज असणार हे विसरू नये. त्याचे रबरी बूट काढून आत तेल साचलंय का, दांडा सपाट काचेवर लोळवल्यावर डुलतो का, हे पैसे देण्याआधी बघावं.

एवढ्यावरही बदल करायचाच असेल तर जुना रॅक काढण्याआधी मोजावं. दोन्ही रॅक शेजारी ठेवून बॉल जॉइंटमधलं अंतर, प्रवास आणि बसवण्याच्या पायापासून बॉल जॉइंटची उंची लिहून काढावी. रॅक एक्सलच्या पुढे बसतो की मागे, हेही तपासावं. पिनियन रॅकच्या उलट्या अंगाला आला तर डावीकडे वळवलेली गाडी उजवीकडे जाते. बसवल्यावर स्प्रिंग काढून चाक जॅकने थोडं थोडं उचलत टो किती बदलतो ते मोजावं, आणि हीच मोजणी जुन्या रॅकवरही आधी केलेली असावी, नाहीतर तुलना कशाशी करणार? एअरबॅग असलेल्या गाडीत स्टिअरिंगखालची, एअरबॅगची वायर गुंडाळलेली क्लॉक स्प्रिंग बरोबर मध्यावर ठेवावी, कारण तिचे फेरे मोजके असतात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 98 वा नियम स्टिअरिंगचा प्ले 30 अंशांपेक्षा जास्त नसावा, बॉल जॉइंटवर रबरी टोप्या असाव्यात आणि बोल्ट नीट लॉक केलेले असावेत, असं सांगतो. ही किमान पातळी आहे. बदलाची माहिती विमा कंपनीला आधी लेखी कळवावी. कोणत्या मॉडेलचा रॅक, कोणता टाय रॉड एंड, किती जाडीचे स्पेसर, हे पार्ट नंबरसकट एका कागदावर लिहून आरसी बुकाबरोबर ठेवावं, कारण पुढचा फिटर गाडीचं नाव बघून मूळ मॉडेलचाच टाय रॉड एंड मागवेल, आणि तो जेमतेम बसेलही.